वरची तूर, खालची कपाशी

ज्यांनी बीड जिल्हा फक्त बातम्यांत पाहिला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. जाण्याआधी मीही त्यांच्यातलीच होते. मी राजापूर तालुक्यातली, डोंगर उतरला की खाडी लागते अशा गावातली, आणि पुण्यात शिकायला आल्यावरही मला मराठवाडा म्हणजे नकाशावरचा एक पिवळट भाग एवढंच ठाऊक होतं. तिथे जाऊन आल्याला काही महिने झाले. मध्ये परीक्षा झाली, प्रकल्प जमा झाला. पण जे सांगावंसं वाटतं ते प्रकल्पात मावलं नाही.

जायचं कारण तो प्रकल्पच. राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी विषय दिला : विकसनशील संघराज्यांतली प्रादेशिक सरकारं ई-प्रशासन कशी स्वीकारतात. मी घरी फोन करून हे वाचून दाखवलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई म्हणाली, "म्हणजे काय गो?" मी म्हटलं, "सरकारी कामं मोबाइलवर कशी होतात ते बघायचं." ती म्हणाली, "मग तसं म्हण ना."

मी पीक पाहणी निवडली. पूर्वी तलाठी शेतावर येऊन, किंवा न येता, सातबाऱ्यावर पीक लिहायचा. आता शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवरून पिकाचा फोटो पाठवायचा. माणूस खरंच आपल्या गटात उभा आहे का, हे फोन उपग्रहावरून तपासतो. गट म्हणजे नकाशावरचा जमिनीचा तुकडा. सरांनी दिलेल्या लेखांत लिहिलं होतं की अशा योजना केंद्र आखतं, राज्य राबवतं आणि गावात त्या तीन गोष्टींवर अडतात : नेटवर्क, प्रशिक्षण आणि पैसा. मी त्या तिन्हींवर प्रश्नावली बनवली आणि हॉस्टेलवरच्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला, अश्विनीला विचारलं, "तुझ्या गावाला येऊ का?"

ती म्हणाली, "ये की. विचारतीस काय?"

पाटोदा

सप्टेंबर संपत आला होता. पाटोद्याच्या स्टँडवर उतरले तो बाजाराचा दिवस निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सीताफळांच्या पाट्या लागलेल्या. आमच्याकडे सीताफळ म्हणजे परसात एखादं झाड, त्यातलीही निम्मी फळं वटवाघळांची. इथे डोंगरच्या डोंगर सीताफळांचे. मी एका बाईंसमोर थांबून विचारलं, "किलो कसे?"

बाई हसायला लागल्या. "किलो कावून गं माय? पाटी घे. कुठल्या हाव तुमी?"

"कोकणातली."

"मंग तर दोन पाट्या घे. समुद्रात काय पिकतंय?"

एवढ्यात आधीच घरी आलेली अश्विनी मला न्यायला आली म्हणून मी वाचले. गावाकडे जाणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये जागा नव्हती, तरी ती झाली. ड्रायव्हरनं मागे वळून एका तरण्या माणसाला फर्मावलं, "सरक बे, पाव्हणी हाय." तो सरकला, त्याच्या मांडीवरची कोंबडीही सरकली. गावापर्यंत जीपमधल्या सगळ्यांना माझं नाव, गाव, भावंडं आणि लग्न झालं नसल्याचं कळलं होतं. कोकणात आम्ही शेजाऱ्यालाही इतकं विचारत नाही. सांगायचं तर मला ते आवडलं. घरापासून इतक्या लांब कुणाला तरी आपली चौकशी करावीशी वाटते, हे बरं वाटतं.

अश्विनीचं घर मेंढपाळांचं. थोडी शेती, बाकी मेंढरं. तिचे काका कळप घेऊन माजलगावच्या बाजूला गेले होते. तिकडे धरणामुळे रान हिरवं असतं आणि ऊसवाले शेतात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतासाठी. घरी राहिली होती तीन-चार लहान कोकरं. त्यातल्या एकानं पहिल्याच संध्याकाळी माझ्या पिशवीत तोंड घालून प्रश्नावलीची दोन पानं खाल्ली. 'या सेवेबाबत आपण किती समाधानी आहात?' हा प्रश्न होता त्या पानावर.

"त्याला इचार की, समाधानी झालास का म्हणून," अश्विनीची आई म्हणाली. मी त्यांना काकू म्हणायला लागले. काकू बोलायला फटकळ आणि वाढायला उदार. त्यांनी हुलग्याचे शेंगोळे केले होते. हुलगे म्हणजे आमचे कुळीथ, हे ताटात पडेपर्यंत मला कळलं नव्हतं. आमच्याकडे कुळथाची पिठी असते, कोकम घातलेली, भातावर ओतायची. इथे त्याच पिठाची हातावर वळलेली कडबोळी, लसणाच्या रश्शात शिजवलेली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"कोकणात तिखट खात न्हाईत का?"

"खातात काकू. पण खोबऱ्याच्या आडून येतं ते."

अश्विनीचे वडील, तात्या, हे ऐकून पहिल्यांदा हसले. उंच, वाळके, खांद्यावर कायम घोंगडी. ते कमी बोलतात. त्या रात्री एवढंच म्हणाले, "उद्या आमचीबी पाहणी करून दे पोरी. तुला मोबाइलचं कळतं."

पारावर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारावर प्रश्नावली घेऊन बसले. मला वाटलं होतं, लोक लाजतील. लाजत मीच होते. लोकांनी माझ्या हातातले कागद घेऊन एकमेकांना प्रश्न विचारायला सुरुवात केली.

एक आजी म्हणाल्या, "आमचा नंबर लेकाच्या फोनवर. लेक कंपनीत. ओटीपी तिकडं जातो. शेताची पाहणी करायची तर आधी लेकाच्या ड्युटीची पाहणी करावी लागती."

एका आजोबांनी आपला फोटो दाखवला. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात नवा सदरा, छाती पुढे. पीक कुठेच दिसत नव्हतं.

"आजोबा, कपाशी कुठाय?"

"मागं हाय की."

"मागे म्हणजे तुमच्यामागे झाकली गेलीय. फोटो पिकाचा हवा होता."

"फोटो मंत्रालयात जातो म्हनले. मंग मालकानं उघड्या डोस्क्यानं कसं उभं राहावं?"

कुणीतरी म्हणालं, "आबा, फेट्याची नोंद झाली असंल. औंदा फेट्याला भाव हाय." सगळे हसले, आबाही हसले. मी लिहून घेतलं : प्रशिक्षणाचा अभाव. लिहिताना जरा अपराधी वाटलं, कारण त्या फोटोत अभावासारखं काही दिसत नव्हतं.

मग अण्णा आले. त्यांच्यासाठी कुणीतरी घरातून खुर्ची आणली, त्यावरून ते कोण हे मला कळलं. अण्णा बरीच वर्षं सरपंच होते. पांढरे कपडे, मोठी जमीन, मोठा आवाज. त्यांनी माझ्या प्रश्नाची वाट पाहिली नाही.

"लिही पोरी. नेटवर्कच न्हाई. मी दोनदा गेलतो रानात, दोनदा परत आलो. सरकारनं आधी टावर द्यावा, मंग पाहणी मागावी."

हे बोलताना त्यांच्या हातातल्या फोनवर बैलगाडा शर्यतीचा व्हिडिओ चालू होता आणि तो एकदाही अडकला नाही. हे मी पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही. नेटवर्क हे कारण सरांच्या लेखात होतं. ते गावात जसंच्या तसं सापडलं याचाच मला आनंद झाला होता.

वरचं शेत

दुपारी तात्या, अश्विनी आणि मी शेताकडे निघालो. शेत गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला. खालून नवी सडक गेली आहे, तिच्यापासून चढ सुरू होतो. तांबूस मुरमाची जमीन, त्यात कमरेएवढी तूर. आमच्याकडे प्रत्येक तुकड्याला जांभ्या दगडाचा गडगा असतो, आपलं कुठे संपलं ते आंधळ्यालाही कळावं. इथे नजर जाईल तिथवर उघडं शिवार, मध्ये गवताचा एखादा बांध. कुणाचं कुठे संपतं हे फक्त त्या त्या घरातल्या माणसांना ठाऊक.

मी तात्यांचं खातं उघडलं, गट निवडला, पीक निवडलं. कॅमेरा उघडायच्या ऐवजी फोननं सांगितलं की तुम्ही निवडलेल्या गटापासून दूर आहात.

मी आधी नेटवर्कला दोष दिला. मग ढगांना. मग हात वर करून तुरीतून या बांधापासून त्या बांधापर्यंत फिरले. एका चिखलाच्या खड्ड्यात माझा पाय घोट्यापर्यंत गेला आणि सँडल तिथेच राहिली. अश्विनीनं ती उपसून काढली. डोंगरात मोर ओरडला, मला तो हसल्यासारखा वाटला. तात्या बांधावर बसून शांतपणे पाहत होते.

"पोरी, बस खाली," शेवटी ते म्हणाले. "फोन बरोबर बोलायलाय."

"बरोबर कसा? हे तुमचंच शेत ना?"

"रान माझं हाय. गट माझा न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांची जमीन खाली ओढ्याकाठी होती, काळी, भारी. अण्णांच्या वडिलांची ही वरची. मेंढरांना डोंगराचा पायथा बरा पडतो म्हणून तात्यांच्या वडिलांना वरची हवी होती. अण्णांच्या वडिलांची विहीर खाली होती, म्हणून त्यांना खालची. दोघांनी टेकडीवरच्या खंडोबाच्या देवळात भंडारा उचलून अदलाबदल केली. तेव्हापासून वर तात्यांच्या घरची नांगरट, खाली अण्णांच्या घरची.

"आणि कागद?"

"कागद कावून? भंडारा उचलला व्हता. जबान दिली व्हती. दिलेल्या रानात पुन्ना हक्काचा पाय ठेवायचा न्हाई, दोन्ही घरांनी. आजवर मी खालच्या बांधाच्या आत गेलेलो न्हाई. आन् अण्णाबी कवा वर आला न्हाई."

"मग इतकी वर्षं सातबाऱ्यावर पीक कसं लागत होतं?"

"तलाठी अप्पा पारावर बसून इचारायचे, सोपान, औंदा काय? मी म्हनायचो, तूर. माझ्या गटावर तूर लिहायचे, अण्णाच्या गटावर कापूस. कुठली कुठं उभी हाय ते कोण बघतंय? समदं गाव वळखून व्हतं. ह्यो फोन एकटाच गावात नवा हाय."

आमच्या घरच्या सातबाऱ्यावर सतरा चुलत्यांची नावं आहेत, त्यातले निम्मे मुंबईला आणि काही देवाघरी. त्यामुळे कागद आणि जमीन यांचं जमत नाही हे मला नवीन नव्हतं. पण आमच्याकडे त्यावरून भांडणं आहेत. कागद चुकीचा असूनही कुणी भांडत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मग सोपं आहे तात्या," मी म्हटलं. "अण्णांनी इथे येऊन त्यांच्या खात्यावर तूर नोंदवायची, तुम्ही खाली जाऊन कापूस."

अश्विनीनं माझ्याकडे पाहिलं, आणि हे सोपं नाही हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"तूर नोंदली न्हाई तर सरकारी खरेदीला घेत न्हाईत, ते एक हाय," तात्या म्हणाले. "पण खरं भ्याव दुसरंच. ही सडक झाली. अण्णाचा महेश बीडला जागांचा धंदा करतो. अण्णानं हितं उभं राहून फोटो काढला की कागदावर रान त्याचं आन् पीकबी त्याचं. मंग माझ्याकडं काय राहिलं? जबान. देणारे दोघंबी गेले."

त्यांनी तुरीचं एक पान तोडून बोटांत चुरगळलं. आता मला अण्णांचा न अडकणारा व्हिडिओ आठवला. तेही दोनदा शेतात जाऊन परत आले होते.

अण्णा

संध्याकाळी काकूंनी भाकरी थापता थापता निकाल दिला. "दोन म्हातारे एकाच दुखण्यानं कण्हायलेत, आन् दोघंबी गावाला सांगायलेत नेटवर्क न्हाई. जाऊन बोला की."

"मी कुठं नेटवर्क म्हनलो?" तात्या पुटपुटले. "आन् त्यानं आधी बोलावं."

"त्यो सरपंच व्हता. त्यो कशाला आधी बोलंल? तुमी दोघं बसा वाट बघत, पाहणीची मुदत जाऊ द्या." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही पोरगी जाईल. हिला तसंबी प्रश्न इचारायचेच हायत."

मी कुणाला उलट प्रश्न विचारणारी मुलगी नाही. वर्गातही शंका असली तर मी तास संपल्यावर विचारते. पण काकूंच्या हातचं खाल्लं होतं आणि त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

अश्विनी बरोबर आली. अण्णांच्या घरी चहा आला, बरोबर चिवडा आला. मी प्रश्नावली मांडीवर धरून बसले आणि त्यात नसलेला प्रश्न विचारला.

"अण्णा, तुम्ही खालच्या शेतात उभे राहिलात तेव्हा फोन नक्की काय म्हणाला?"

अण्णांनी कप खाली ठेवला. अश्विनीकडे पाहिलं, ती कुणाची मुलगी ते त्यांना ठाऊकच होतं. मला वाटलं, आता उठवतात.

"म्हनला, तुमी हितले न्हाईत," ते हळू आवाजात म्हणाले. "गावाचा सरपंच व्हतो मी. माझ्या विहिरीशेजारी, माझ्या कापसात उभा हाय, आन् फोन मला म्हनतो, तुमी दूर हात. ही गोष्ट पारावर सांगू व्हय? म्हनलं, नेटवर्क न्हाई." मग विचारलं, "सोपानला काय म्हनला?"

"तेच."

अण्णा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळे पुसायची वेळ आली. आतून त्यांची सून काय झालं म्हणून बघून गेली.

"उद्या सकाळी देवळाकडं ये म्हनावं त्याला," ते म्हणाले. "महेशबी आलाय बीडहून. त्यो मोबाइल धरंल."

शेवटचं वाक्य ऐकून अश्विनीचा चेहरा उतरला.

फोटो

खंडोबाचं देऊळ म्हणजे टेकडीवरची एक घुमटी. वाऱ्यानं भंडारा उडतो आणि पायरीवर कायम पिवळा थर असतो. तात्या आधी येऊन बसले होते. अण्णा चढ चढून आले, धापा टाकत. पाठोपाठ महेश, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात मोठा फोन. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना रामराम केला. अण्णांनी भंडारा घेतला, स्वतःला लावला, तात्यांना लावला.

"देवा, फोटोपुरता पाय ठेवतो. हक्काचा न्हाई."

तात्यांनीही तेच म्हटलं. महेशनं चष्मा वर केला आणि पुन्हा खाली घेतला.

तुरीत उतरल्यावर महेशनं अण्णांचं खातं उघडलं. या वेळी फोननं काही कुरकुर केली नाही. कॅमेरा उघडला.

"अण्णा, हितं तर बराबर दाखवायलंय," तो म्हणाला. मग त्यानं खाली सडकेकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. "म्हंजे ह्ये सडकेकडचं रान आपलंच हाय की!"

तात्या तुरीकडे पाहत राहिले. अश्विनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"म्होरं काय इचारतंय ते बोल," अण्णा म्हणाले.

"पिकाचं नाव."

"तूर."

"पेरणीची तारीख."

अण्णांना ती माहीत नव्हती. माहीत असायचं कारणच नव्हतं.

"अंदाजे टाकू?" महेशनं विचारलं.

"अंदाजे कावून? ज्यानं पेरली त्यो समोर उभा हाय. त्याला इचार."

महेशला तात्यांकडे वळावं लागलं. "तात्या, कवा पेरली तूर?"

"आर्द्रा लागलं, त्याच्या तिसऱ्या दिशी."

अश्विनीनं फोनमधल्या दिनदर्शिकेत पाहून तारीख सांगितली. महेशनं ती टाकली.

"सिंचनाचं साधन."

"त्याला इचार."

"तात्या, पाणी कशाचं?"

"देवाचं. कोरडवाहू हाय."

"क्षेत्र?"

"इचार त्याला," अण्णा म्हणाले. एव्हाना ते फोनकडे पाहतच नव्हते, लेकाकडे पाहत होते. "त्या रानाचं मला काय बी मालूम न्हाई. तुला तरी हाय का?"

महेशनं चष्मा काढून खिशात ठेवला. पुढचे प्रश्न त्यानं अण्णांना न विचारता सरळ तात्यांना विचारले. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. ज्यानं हे ॲप बनवलं त्यानं हे प्रश्न आकडे गोळा करायला घातले असतील. इथे त्या प्रश्नांनी बापाला लेकापुढे जे बोलायचं होतं ते बोलून दाखवलं, अण्णांना वेगळं काही सांगावं लागलं नाही.

फोटो निघाले. शेवटी एक ओळ आली की वरील माहिती खरी आहे असं मी जाहीर करतो. महेशनं ती वाचून दाखवली आणि फोन वडिलांपुढे धरला. अण्णांचा अंगठा हवेतच राहिला.

"ह्ये तर खोटं हाय. पीक माझं कुठं हाय?"

"दाब अण्णा," तात्या म्हणाले. त्या सकाळचं त्यांचं आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य. "खाली कापसात मलाबी हेच बोलायचंय. दोघांनी मिळून बोललं की पाप अर्धं अर्धं."

"तू कवापासून एवढा हुशार झालास बे?"

"फोन आल्यापासून."

अण्णांनी अंगठा दाबला.

खाली ओढ्याकाठी बोंडं फुटायला लागलेली कपाशी होती, काळ्या जमिनीत छातीला लागेल एवढी. बांधाशी तात्यांनी चपला काढल्या. अण्णा ओरडले, "काटा मोडंल, घाल पायात." तात्यांनी ऐकलं नाही. वडिलांच्या वेळची ही जमीन त्यांनी आतून कधी पाहिलीच नव्हती. ते देवळात चालावं तसे कपाशीच्या दोन ओळींमधून जपून चालत आत गेले, एका जागी उभे राहिले आणि वाकून त्यांनी मातीला हात लावला. या वेळी पेरणीची तारीख अण्णांनी सांगितली. बांधाबाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "बाप शहाणा व्हता का येडा, अण्णा? असली जमीन दिली."

"माझा बापबी तेच म्हनायचा. डोंगराची हवा दिली म्हनायचा." मग अण्णा गंभीर झाले. "पुढल्या साली असलं खोटं न्हाई बोलायचं सोपान. अदलाबदलीचा कागद करू. तशी सोय हाय म्हनतेत आता." आणि महेशकडे न पाहता म्हणाले, "ह्याची सही लागंल."

महेश बुटानं ढेकळं फोडत राहिला.

परत

मी निघाले त्या दिवशी तात्या, अण्णा आणि महेश माझ्याबरोबरच पाटोद्याला आले, तहसील कचेरीत चौकशी करायला. माझ्या गाडीला वेळ होता म्हणून मीही आत गेले. टेबलामागच्या तरुण कारकुनानं विचारलं, "जमीन देणार कोण, घेणार कोण?"

"आमी न्हाई देत," तात्या म्हणाले. "दिलेलीच हाय. बापांनी दिली."

"मग वडिलांना आणा."

"कुठून आणू? वर हायत."

कारकुनानं अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "ह्याचा वर हाय, माझाबी वर हाय. तिथं दोघांचं मिटलेलं हाय. हितलं तुमी मिटवा." कारकून हसला. त्यानं समजावून सांगितलं की दोघांनी एकमेकांना नव्यानं दिल्याचं लिहावं लागेल, दोन्ही घरच्या वारसांच्या संमतीसह. तात्यांना ते पटलं नाही. एकदा दिलेलं दुसऱ्यांदा कसं द्यायचं, हे ते स्टँडपर्यंत मला विचारत होते. महेश सगळा वेळ बाहेर आपल्या गाडीतच बसून होता, आणि मी त्याला तसाच बसलेला पाहून निघाले.

काकूंनी दिलेली सीताफळं नगर येईपर्यंत पिशवीत पिकली आणि माझी उरलेली प्रश्नावली गोड झाली. प्रकल्पात मी तीन कारणांखाली चौथं लिहिलं : काही गावांत जमिनीचा खरा व्यवहार कागदाबाहेर, विश्वासावर चालत असतो, आणि नवी यंत्रणा त्या विश्वासाला पहिल्यांदाच साक्ष द्यायला बोलावते. सरांनी शेजारी लाल पेननं लिहिलं : संदर्भ? मी लिहिलं : प्रत्यक्ष भेट. मला चांगले गुण मिळाले, पण महेशनं सही केली की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि तोवर माझ्या दृष्टीनं प्रकल्प अपुरा होता.

अश्विनी संक्रांतीला घरी जाऊन आली तेव्हा कळलं. कागद करायच्या दिवशी महेश म्हणाला होता, "सडकेला लागून हाय अण्णा, पुन्ना एकदा इचार करा." अण्णा म्हणाले, "माझ्या बापानं करून ठेवलाय." मग त्यानं सही केली, आणि तात्यांना गाडीतून घरापर्यंत सोडलं. पुढे फेरफाराची नोटीस लागली, हरकतीची मुदत गेली, कुणी हरकत घेतली नाही. अश्विनीनं मला गट नंबर दिला. हॉस्टेलच्या गॅलरीत उभी राहून मी माझ्या फोनवर तो सातबारा उघडला. वरच्या शेताला तात्यांचं पूर्ण नाव होतं. त्या दिवशी मला ई-प्रशासन हा शब्द पहिल्यांदा जवळचा वाटला.

लगेच फोन लावला. तात्यांनी अभिनंदन वगैरे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, तुमच्याकडं आंब्याची कलमं चांगली मिळत्यात म्हनं."

"मिळतात तात्या. पण तिकडच्या हवेत हापूस धरणार नाही. केसर बघा."

"कुठलंबी बघ. त्या रानात आजवर झाड लावलेलं न्हाई. पीक येतं, निघून जातं. झाड लावलं की अण्णाला वाटलं असतं, सोपान मुळं सोडायलाय."

"एक आणू ना मग?"

"दोन आण," तात्या म्हणाले. " खालच्या रानातबी झाड न्हाई."